बारा पालथ्या ताटल्या

ग्लेनिस टनिक्लिफला या प्रकरणातून काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी भलत्याच्या पदरात भलतं श्रेय घालायला नको. कला महाविद्यालयाच्या पायाभूत वर्षात तिला विशेष श्रेणी मिळाली, तर विद्यापीठात मातीकामाच्या पदवीला जागा नक्की होती. नुसतं उत्तीर्ण होऊन भागणार नव्हतं. विद्यापीठाच्या पत्रात ‘विशेष श्रेणी’ हे दोनच शब्द ठळक छापलेले होते, आणि ते पत्र फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावलेलं असल्यामुळे दूध काढायला गेलं तरी ते डोळ्यांत घुसत. पदवी हातात पडेपर्यंत ग्लेनिसला पासष्टावं लागणार होतं. तिचा नवरा रॉय, निवृत्त बसचालक, एवढंच म्हणाला, “पासष्टावं तसंही लागणारच आहे. पदवी घेतली नाहीस म्हणून काय ते थांबणार आहे?” रॉयच्या आयुष्यातलं हे बहुधा सर्वांत शहाणपणाचं वाक्य, आणि ते बोलतानाही त्याचं लक्ष टीव्हीवरच्या फुटबॉलकडे होतं.

गमावण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असा ग्लेनिसचा अंदाज होता. तिथेच ती चुकली.

आमच्या बर्स्लम गावातल्या एका चिनी मातीच्या कारखान्यात ग्लेनिस चाळीस वर्षं मालाची तपासनीस होती. ताटली उचलायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, दिव्याखाली तिरपी धरायची आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. टणकन वाजली आणि डोळ्यांना काही खुपलं नाही, तर अव्वल. भद्द वाजली, तर आत तडा आहे. तिची रवानगी थेट कचऱ्याच्या पिंपात. आणि वाजली ठीक, पण चकाकीत टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, कडेला केसभर बाक असला, तर दुय्यम. दुय्यम ताटली पालथी करायची आणि पाठीवरच्या शिक्क्यावर एक आडवी रेघ ओढायची. बस्स. त्या एका रेघेनं ताटली राजवाड्यातून उतरून कारखान्याच्या दारातल्या दुकानात येते. दिवसाला तीन हजार नग ग्लेनिसच्या हाताखालून जात. इतक्यांना तिनं नापास केलं, पण स्वतः घडवलेली ताटली एकही नाही, हे कारखाना बंद पडल्यावर एका मंगळवारी, भांडी घासताना, तिच्या लक्षात आलं. बुधवारी ती महाविद्यालयात जाऊन अर्ज घेऊन आली.

वर्गात ती सोडून सगळे अठरा वर्षांचे. शिकवायला इमोजेन नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी, कानांत मातीची डुलं, आवाज इतका मऊ की ती रागावलीय हे कळायला दोन दिवस लागत. वसंतात इमोजेननं शेवटच्या प्रकल्पाचा कागद वाटला. एका समकालीन मृत्तिका-कलाकाराचं काम अभ्यासायचं आणि आपल्या कृतीतून त्याला प्रतिसाद द्यायचा. ग्लेनिसच्या वाट्याला थेसली ऑर्म नावाची कलावती आली.

ही थेसली ऑर्म किटल्या करायची. म्हणजे करायची आणि मग भट्टीत मुद्दाम खचवायची. कुठे तोटी गळून पडलेली, कुठे पोट जमिनीला टेकलेलं, कुठे झाकण आत घुसलेलं, जणू किटलीला कुणीतरी फार वाईट बातमी सांगितली आहे. वर्गातली पोरं फोटो बघून म्हणाली, हे कोसळणं किती प्रामाणिक आहे! ग्लेनिसनं चष्मा लावला आणि वहीत लिहायला घेतलं. नग पहिला: भट्टी फार तापली, भट्टीवाल्याला समज द्यावी. नग दुसरा: तोटी जोडताना माती सुकी होती, जोडणारीला समज द्यावी. नग तिसरा: कोणाकोणाला समज द्यावी हे पाहण्यासाठी बैठक बोलवावी. अशी अकरा पानं.

इमोजेननं वही वाचली, मिटली, पुन्हा उघडली.

“ग्लेनिस, हे फार… बारकाईचं आहे. पण हे काम बघून तुम्हाला वाटलं काय?”

“वाटायचं काय, बाळा? सगळा माल परत पाठवला असता.”

इथे सांगून ठेवतो की आमच्या गावात बसच्या वाहकापासून न्यायाधीशापर्यंत सगळेच ‘बाळ’ असतात. ते मनावर घ्यायचं नसतं.

“तक्रार म्हणजे प्रतिसाद नव्हे,” इमोजेन मऊ आवाजात म्हणाली. ती रागावली होती हे ग्लेनिसला शुक्रवारी कळलं.

शनिवारी वर्गाची सहल गावच्या संग्रहालयात गेली, थेसली ऑर्मच्या खऱ्या किटल्या बघायला. आता आमच्या लोकांची एक खोड आहे. भांडं दिसलं की ते उलटं करून पाठीवरचा शिक्का बघायचा. लग्नात बघतो, मयताच्या चहाला बघतो, इस्पितळात शुद्धीवर आलेला माणूस आधी कप उलटतो आणि मग बायकोला ओळखतो. परगावच्या हॉटेलांत रस्सा सांडतो तो बहुतेक वेळा आमच्यामुळे. त्यामुळे ग्लेनिसनं चौथ्या चौथऱ्यापाशी इकडेतिकडे न बघता किटली उचलली आणि पालथी केली, यात तिच्या बुद्धीचा काहीच भाग नव्हता. हातांनीच ते परस्पर केलं.

घंटा वाजली. पहारेकरी धावत आला. “खाली ठेवा! बाई, खाली ठेवा ते!”

पण तेवढ्यात ग्लेनिसनं वाचलं होतं. त्या पडक्या, फुगलेल्या, बिचाऱ्या किटलीच्या पोटाखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: माती कालवली डेव्हनं. भट्टी लावली जूनीनं. पाडापाड थेसलीची.

पहारेकऱ्यानं तिला टेबलापाशी बसवून चार पानी अर्ज भरायला लावला. ‘वस्तू हाताळण्याचा हेतू’ या रकान्यात तिनं लिहिलं: खाली बघायला. पहारेकऱ्यानं ते वाचलं, पेनाला टोपण लावलं, मागेपुढे बघितलं आणि हळूच विचारलं, “काय होतं खाली?”

तोही बर्स्लमचाच निघाला.

घरी येईपर्यंत ग्लेनिसचा प्रतिसाद तयार होता. आमच्या कारखान्यांच्या शिक्क्यांत नाव कुणाचं? मालकाचं. दोनशे वर्षं मालकाचंच. ज्यांनी माती कालवली, कड ओढली, भट्टी लावली, त्यांच्यापैकी एकाचंही नाही. तर आपण बारा ताटल्या करायच्या, वरून पांढऱ्याफटक, कोऱ्या. आणि पाठीवर, शिक्क्याच्या जागी, गल्लीतल्या बारा जुन्या कामगारांची नावं. इमोजेनच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे झालं ना,” ती म्हणाली, “तर विशेष श्रेणी कुठे जात नाही.”

ग्लेनिसनं ही गोष्ट स्वतःपाशी ठेवायला हवी होती. पण ती कुंपणावरून शेजारणीला सांगितली, म्हणजे पोस्टाचं तिकीट वाचलं.

शेजारीण पेगी ब्लूर. बहात्तर वर्षांची, तेहतीस वर्षं ताटल्यांना सोनेरी कड ओढणारी. “माझ्या नावावर मुकुट पाहिजे,” ती म्हणाली.

“मुकुट कशाला? तू काय राणी आहेस?”

“राणीच्या ताटल्यांची कड मी ओढली. राणीनं माझी काय ओढली? मुकुट पाहिजे.”

पलीकडचा लियाकत वीस वर्षं भट्टीवर होता, आता टॅक्सी चालवतो. त्याला नावाखाली बर्स्लम आणि मूळ गाव मीरपूर दोन्ही हवं होतं, आणि जागा उरली तर टॅक्सीचा फोन नंबर. “आणि भट्टी हळू तापव,” तो रोज बजावायचा. “पहिले चार तास तिला वाटलं पाहिजे की आपण उन्हात बसलोय.” पेगीचं म्हणणं, चार नाही, सहा तास. लियाकत म्हणाला, कड ओढणाऱ्या बायकांनी भट्टीबद्दल बोलू नये. त्यावर पेगी जे बोलली ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं आणि परिणामी संध्याकाळपर्यंत गल्लीतली उरलेली माणसंही सल्ला द्यायला आली. कुणाला नाव वळणदार हवं होतं, कुणाला लग्नाआधीचं. रॉयनं आयुष्यात बस सोडून दुसरं काही हाताळलं नव्हतं, तरी तो म्हणाला, “त्या सगळ्यांना कामावर कोण सोडायचं? मीच ना?” त्याचंही नाव आलं.

बाराव्या ताटलीवर म्हाताऱ्या विल्फचं नाव पडायचं होतं, पण तो मुलीकडे वेल्सला राहायला गेला आणि जाताना कळवून गेला की आता आपला आणि चिनी मातीचा संबंध संपला. ही जागा रिकामी झाल्याचं वृत्त रॉयच्या बहिणीला, म्हणजे ग्लेनिसच्या नणंदेला, कसं कळलं देव जाणे. म्युरिएल त्याच कारखान्याच्या कचेरीत टंकलेखक होती. आपल्या बुटाला कधी माती लागली नाही, हे ती स्वतःच अभिमानानं सांगे.

“बारावी ताटली माझी,” ती कोट न काढता म्हणाली.

“म्युरिएल, हे माती हाताळणाऱ्यांसाठी आहे.”

“तुझ्या प्रत्येक रजेचं पत्र मी टंकलेलं आहे, ग्लेनिस. तू कितीदा पाठ दुखते म्हणून घरी राहिलीस ते मला तारखेनिशी पाठ आहे.”

म्युरिएलचं नाव आलं. ग्लेनिसनं ते सर्वांत बारीक टायपात घातलं, तेवढाच सूड.

आता ताटली घडवणं आणि ताटलीत खोट काढणं यांत फरक असतो, हे ग्लेनिसला एप्रिलमध्ये समजायला लागलं. पहिल्या बारा ताटल्या भट्टीतून टोप्या होऊन बाहेर आल्या. दुसऱ्या बारांपैकी पाच एकमेकींना चिकटल्या, चार तडकल्या आणि उरलेल्या तीन तिनं स्वतःच पिंपात टाकल्या. त्यात महाविद्यालयाची भट्टी मागायची तर अर्ज. अर्जाला जोखमीचा तक्ता. तक्त्यावर सही करणारा माणूस रजेवर. आणि त्याची रजा मंजूर करणाराही रजेवर.

पण खरी लढाई झाली ती महाविद्यालयाच्या सुरक्षा विभागाशी. हा विभाग कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तो फक्त पत्रं पाठवायचा. वर्षअखेरच्या प्रदर्शनात लोकांनी ताटल्या उलटून बघायच्या आहेत असं ग्लेनिसनं कळवल्यावर उत्तर आलं: प्रदर्शनातील वस्तूंना हात लावता येणार नाही. इमोजेननं सुचवलं, खाली आरसे ठेवू. उत्तर आलं: आरसा ही काच आहे. ग्लेनिसनं लिहिलं, ताटली उलटली नाही तर खालचं दिसणार कसं आणि परीक्षक मला गुण देणार कशाचे? उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सोबत एक पुठ्ठ्याची पाटी आली, ‘कृपया हात लावू नये’.

दोन महिन्यांत ग्लेनिसनं सुरक्षा विभागाला सतरा पत्रं लिहिली. विसाव्या शतकातल्या अनेक प्रेमप्रकरणांत याहून कमी पत्रव्यवहार झाला असेल.

तिसऱ्या खेपेच्या ताटल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी भट्टीतून निघाल्या. बाराच्या बारा सपाट, गोल, अखंड. ग्लेनिसनं त्या घरी आणल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरला, दिवा ओढून घेतला आणि सवयीनं बसली. अंगठा, दिवा, टिचकी. अंगठा, दिवा, टिचकी. किती बरं वाटलं तिला! डोक्यात उद्या कुठला ब्लाऊज घालायचा याचा विचार चालला होता, ओव्हनमध्ये बटाटे होते, आणि हात आपलं काम करत होते. पेगीच्या ताटलीला कडेपाशी भोक, टाचणीच्या टोकाएवढं. लियाकतच्या ताटलीला बाक, केसभर. रॉयच्या ताटलीवर काळा ठिपका. रॉयचंच छोटं ड्रिल खणात होतं. पालथी, रेघ. पालथी, रेघ. अर्ध्या तासात काम उरकून ती बटाटे बघायला उठली.

रॉय आत आला, आणि अर्थातच त्यानं आपली ताटली उचलून उलटली.

“ग्लेन.”

“काय?”

“माझं नाव खोडलंय.”

“खोडलं नाही रे, दुय्यम आहे. ठिपका आहे बघ तिथे.”

“मी दुय्यम?”

“तू नाही, ताटली.”

“ताटलीवर नाव कुणाचं आहे?”

ओव्हनचं दार उघडंच राहिलं. ग्लेनिसनं टेबलाकडे पाहिलं. गल्लीतल्या अकरा माणसांची नावं, मुकुटासकट, मीरपुरासकट, आणि प्रत्येकावर सरळ, स्वच्छ, व्यावसायिक हाताची एक आडवी रेघ. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांना ती नक्षी वाटली असती. इथे चार वर्षांच्या पोरालाही तिचा अर्थ ठाऊक. तिनं घाईघाईनं बारावी ताटली पालथी केली. ती मात्र बिनरेघेची, निर्दोष होती. बारीक टायपात लिहिलं होतं: म्युरिएल.

“देवा,” ग्लेनिस म्हणाली.

“म्हणजे अव्वल निघाली ती आमची म्युरिएल?” रॉय म्हणाला आणि खुर्चीवर बसून इतका हसला की बटाटे करपले.

नव्यानं करायला वेळ नव्हता. ग्लेनिसनं योजना आखली. बाहेरगावचे परीक्षक सकाळी दहाला येणार. त्यांना एकट्याला पाठी दाखवायच्या, गुण पदरात पाडून घ्यायचे. गल्ली दुपारी दोनला येणार. तोपर्यंत ती पुठ्ठ्याची पाटी लावायची: कृपया हात लावू नये. ज्या पाटीशी ती दोन महिने लढली ती आता तिला देवाच्या तसबिरीसारखी वाटू लागली.

सकाळी नऊला ती दालनात पोचली तर इमोजेन दारातच नाचत होती. “ग्लेनिस! परवानगी मिळाली!”

सुरक्षा विभागानं तिच्या सतराव्या पत्राचा सहानुभूतीपूर्वक विचार केला होता. पुठ्ठ्याची पाटी जाऊन तिथे हातभर लांबीचा छापील फलक आला होता: ‘कृपया ताटल्या उलटून पाहाव्यात’. शेजारी खोक्यात पांढऱ्या हातमोज्यांच्या चाळीस जोड्या.

“परवानगी परत देता येते का?” ग्लेनिसनं विचारलं.

“येते ना. दहा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.”

साडेनऊला निरोप आला की परीक्षकांची गाडी रद्द झाली आहे, ते दुपारी दोनपर्यंत पोचतील.

ग्लेनिसनं रॉयला फोन केला. “गल्लीला चारपर्यंत कुठेतरी अडकवून ठेव. ओटकेक खायला घाल. चीजचे दे, बेकनचे दे, काय वाटेल ते दे.” रॉयनं प्रयत्नांची शिकस्त केली. पण ओटकेक म्हणजे आमच्याकडची ओटाची धिरडी, आणि ती फुकट मिळताहेत म्हटल्यावर लोकांनी बांधून घेतली आणि लियाकतच्या टॅक्सीनं दोन खेपांत सगळी गल्ली पावणेदोनलाच दालनात हजर झाली. पेगीनं केस सेट करून घेतले होते. म्युरिएल कोटात.

हातमोजे घालायला पेगीला जरा वेळ लागला. मग तिनं आपली ताटली दोन्ही हातांनी उचलली, आधी कोऱ्या बाजूकडे कौतुकानं पाहिलं, आणि पालथी केली.

“ग्लेनिस, ही रेघ कसली?”

कसली ते तिला माहीत होतं. विचारलं ते केवळ सभ्यतेपोटी.

“भोक आहे गं, पेगी. कडेला. अगदी बारीक.”

“तेहतीस वर्षांत माझा एक नग दुय्यम गेला नाही!”

“गेले,” ग्लेनिस म्हणाली. तिला थांबता आलं असतं, पण ती थांबली नाही. “चौदा. मी तुला कधी बोलले नव्हते.”

तोवर दालनभर ताटल्या पालथ्या होत होत्या. लियाकतनं आपली ताटली नाकाशी धरली. “माझ्यात काय खोट आहे?”

“किंचित बाक आहे.”

“भट्टी कुणी लावली?”

“मी.”

“मग बाक तुझा आणि रेघ माझ्या नावावर? हा कुठला न्याय? आणि फोन नंबरावरून गेलीय ती! आठ आहे का तीन, काही कळत नाही!”

या गदारोळात एक आवाज आला, बेताचा. “माझ्या ताटलीवर रेघ नाहीये.” कुणी लक्ष दिलं नाही. मग तोच आवाज शेजारच्या दालनातल्या तैलचित्रांनाही ऐकू जाईल असा आला. “म्हटलं, माझ्यावर रेघ नाही! ग्लेनिस, मी अव्वल आहे ना गं?”

“आहेस, म्युरिएल,” ग्लेनिस दातांतून म्हणाली.

आणि दारातून परीक्षक आत आले. मिस्टर पिल, ब्रायटनचे, हिरवा मफलर, हातात बॅग. समोर त्यांनी पाहिलं ते असं: पांढरे हातमोजे घातलेली पंचवीस माणसं ताटल्या एकमेकांच्या तोंडासमोर नाचवत भांडत आहेत आणि हवेत तळलेल्या बेकनचा वास. त्यांचा चेहरा उजळला.

“विलक्षण!” ते इमोजेनच्या कानात म्हणाले. “आणि या रेघा?”

इमोजेनला रेघांचा पत्ता तेव्हाच लागत होता, पण शिक्षिका म्हणून ती वाया गेलेली नव्हती. “या रेघेतून,” ती म्हणाली, “श्रमिकांची नावं इतिहासानं कशी पुसली, ते ग्लेनिस सुचवतात.”

“वा! तोच हेतू होता ना तुमचा?” पिल ग्लेनिसकडे वळले. त्यांचं पेन ज्या रकान्यावर टेकलं होतं तो ग्लेनिसला उलटा वाचता येत होता. त्या रकान्यात होकार पडला की पदवीची जागा तिची. मान फक्त एकदा हलवायची होती. पेगीला तर त्याहून बरं, दुय्यम ठरण्यापेक्षा इतिहासानं पुसलेलं काय वाईट? इमोजेन मागून डोळे मोठे करत होती. ग्लेनिसनं खरंच मान हलवायला घेतली. आणि नेमका तेव्हा तिचा अंगठा पेगीनं पुढे धरलेल्या ताटलीच्या कडेवरून फिरला आणि भोकापाशी अडला.

“नाही, बाळा,” ती म्हणाली. “ही रेघ म्हणजे माल दुय्यम आहे.”

“दुय्यम?”

“हे भोक. माती कालवताना मी हवा नीट काढली नाही. हा बाक, भट्टी मी घाईनं तापवली. हा ठिपका, मी हात धुतले नव्हते. हिच्यावर चकाकी जाड बसलीय, तीही मीच लावली.” एकेक ताटली उचलून तिनं अकराही ताटल्यांची खोट सांगितली, कुठल्या खात्याची चूक त्यासकट. चाळीस वर्षं ती या खात्यांना नावं ठेवत आली होती. आता मातीखातं, भट्टीखातं, चकाकीखातं सगळं एकाच बाईत होतं, आणि त्या बाईची नजर चुकवायला जागा नव्हती.

“म्हणजे तुमच्याच मते,” पिल सावकाश म्हणाले, “बारापैकी अकरा नग सदोष. मला तसं लिहावं लागेल.”

आता आमच्या लोकांचं एक आहे. आमच्या माणसाला आम्ही वाटेल ते बोलू, पण परक्यानं तेच वहीत लिहून घेतलं की आमचं डोकं फिरतं.

“काय लिहावं लागेल?” पेगी पुढे आली. “कुठले तुम्ही?”

“ब्रायटनचा.”

“तिथे ताटल्या होतात?”

“होत नाहीत बहुतेक.”

“मग लिहिताय काय? ऐका!” तिनं ताटलीला टिचकी मारली. टणकन आवाज दालनभर गेला. “ही दुय्यम? ते भोक चष्म्याशिवाय दिसतसुद्धा नाही!”

“मग चष्मा लाव,” ग्लेनिस म्हणाली.

“तू गप्प बस! तुझ्याच बाजूनं बोलतेय मी!”

“आणि याला बाक म्हणतात होय?” लियाकतनं आपली ताटली परीक्षकांच्या नाकाखाली धरली. “साहेब, वीस वर्षं भट्टी लावली मी. हा बाक नव्हे. ताटली जरा टेकून बसलीय, एवढंच.”

मग सगळेच टिचक्या मारू लागले. टण, टण, टण. फेरतपासणी सुरू झाली. कुणी खिडकीपाशी उजेडात नेत होतं, कुणी परीक्षकांचा अंगठा धरून कडेवरून फिरवत होतं. पिल आधी गोंधळले, मग त्यांनी मफलर काढून ठेवला, हातमोजे घातले आणि विचारू लागले, भद्द म्हणजे कसं वाजतं? रॉयनं त्यांना ओटकेक दिला. गल्लीनं मतदान घेऊन दहा ताटल्या अव्वल ठरवल्या. रॉयच्या ठिपक्याचं समर्थन मात्र कुणालाच करता आलं नाही. ग्लेनिस कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती आणि प्रत्येक निकालावर एकच शब्द बोलत होती, “दुय्यम.” पिल तिच्याकडे बघत आणि लिहीत. त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. साडेपाचला ते गेले तेव्हा त्यांची परतीची गाडीही चुकली होती.

त्या रात्री ग्लेनिसनं फ्रीजवरचं पत्र काढून खणात ठेवलं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. ‘कारागिरी’ या रकान्यात गुण यथातथाच होते. परीक्षकांनी उमेदवाराच्या शब्दाला मान देऊन अकरा नगांचे गुण प्रामाणिकपणे कापले होते. पण या अभ्यासक्रमात ‘स्वतःच्या कामाचं परीक्षण’ असाही एक रकाना असतो. एरवी पोरं त्यात लिहितात, वेळ आणखी मिळता तर बरं झालं असतं. तिथे पिल यांनी पैकीच्या पैकी गुण देऊन खाली लिहिलं होतं की स्वतःच्या कामाचं इतकं निर्दय परीक्षण आपण एकवीस वर्षांत पाहिलं नाही, आणि उमेदवाराला आपल्या बाजूनं वळवण्याचे जमावाचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले. बेरीज विशेष श्रेणीच्या रेघेला एका गुणानं ओलांडून गेली. रॉयनं ते वाचलं, फुटबॉलचा आवाज बंद केला आणि गल्लीत जाऊन ओरडून सांगून आला.

तेव्हा आता कुणाच्या वाट्याला काय आलं आणि कुणाला भुर्दंड पडला तेवढं सांगून मोकळा होतो. ग्लेनिसला पदवीची जागा मिळाली. इमोजेनला पंचवीस माणसांनी वस्तू एकाच वेळी हाताळल्याबद्दल पंचवीस स्वतंत्र अर्ज भरावे लागले, पण तिला पगारवाढही मिळाली. लियाकतला पुसट आकड्यामुळे कुणाचे फोन आले नाहीत. ते फोन हॅन्लीच्या एका दंतवैद्याला जातात, म्हणजे थोडा भुर्दंड त्यालाही. पेगी आपल्या चौदा नगांची चौकशी अजून करते. अकरा दुय्यम ताटल्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, आणि रॉय आपल्या ताटलीत रोज टोस्ट खातो.

राहिली बारावी. महाविद्यालयाचा नियम असा की दर वर्षी विशेष श्रेणीवाल्या विद्यार्थ्याच्या कामातला सर्वोत्तम नग संग्रहासाठी कायमचा ठेवून घ्यायचा. सर्वोत्तम कुठला यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं, खुद्द विद्यार्थिनीनंच तो पंचवीस साक्षीदारांसमोर ठरवून दिला होता. म्युरिएल कोट घालून ताटली न्यायला गेली तेव्हा ती तळघरातल्या कपाटात कुलूपबंद झाली होती. सगळ्या गल्लीत रिकाम्या हातांनी परतलेली ती एकटीच. म्हणजे या प्रकरणाची खरी किंमत कुणी मोजली असेल तर ती तिनं. अगदीच रिकामे तरी कसं म्हणावं? कारकुनानं तिला एक पावती दिली. पावतीवर तारीख आहे, सही आहे, आणि ‘वस्तूचे वर्णन’ या रकान्यात, कपाटात सुलटी ठेवलेली ताटली काचेतून पाहून, त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे: पांढरी ताटली, एक. कोरी.